कोंबड्यांच्या पायात कडी

२०२० च्या आषाढात मी एक कोंबडी विकली, ती विकायची नव्हती.

आकाडीचे, म्हणजे आषाढातल्या कोंबडी-मटणाच्या जेवणाचे दिवस होते. श्रावण लागायच्या आत आमच्या भागात गावठी कोंबडीला गिऱ्हाईक दारात येतं, एरवी आपल्याला डालगं घेऊन बाजार गाठावा लागतो. त्या वर्षी टाळेबंदीमुळं जत्रा-यात्रा बंद होत्या, पण घरोघरची आकाडी काही कुणाची चुकली नाही. एक जण मोटरसायकलला डालगं बांधून आला आणि म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्या चार काढा." मी खुराड्यात वाकून चार तांबड्या कोंबड्या काढल्या, पैसे मोजून घेतले. संध्याकाळी कोंबड्या आत घेताना आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात बसल्या होत्या. सगळ्या आत गेल्या, तरी त्या तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी रवणीची कुटं हाय गं?"

रवणीची म्हणजे दर वेळी अंड्यांवर मन लावून बसणारी. मागच्या दोन खेपांना बारा-बारा अंड्यांवर बसवली होती. एकदा दहा पिलं काढली, एकदा अकरा, आणि घारीपासून राखून मोठीही केली. अशी कोंबडी घरात असली की मशीन लागत नाही, बल्ब लागत नाही, पिलं विकत आणावी लागत नाहीत. तिला मी म्हातारी समजून रश्शाला धाडलं होतं. आत्ती मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्या रात्री जेवल्याही नाहीत.

आमचं गाव चिखली, कोल्हापूरजवळच्या प्रयाग संगमापाशी. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सात-आठ कोंबड्या होत्या आणि एकीसारखी दुसरी नव्हती. कबरी, काळी, तुरेवाली, उघड्या मानेची. त्यांना ओळखायला काही लागतच नव्हतं. पुढं आम्ही सुधारित जातीची तांबडी पिलं आणली, त्यांचा आमच्या गावठीशी संकर झाला, आणि दोन वर्षांत खुराडं एकाच रंगाचं होऊन गेलं. आत्ती तरीही ओळखायच्या, चालीवरून आणि आवाजावरून. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि मी तर नुसती डोकी मोजत होते.

आमच्या म्हशीच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला आहे. लस टोचली, विमा काढला, गाभण राहायला भरवली, सगळं त्या नंबरावर लिहिलं जातं. एका म्हशीची एवढी नोंद ठेवणारे आम्ही, खुराड्यातल्या चाळीसेक जिवांना मात्र ओळखच दिली नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही ती या विचारानं.

आत्तींना विचारलं, पूर्वी काय करायचे? त्या म्हणाल्या, चिंधी बांधायचे. एका घराची तांबडी, दुसऱ्याची हिरवी, म्हणजे शेजाऱ्यात मिसळली तरी भांडण नको. त्यांच्या माहेरी पिलाच्या बोटाचं टोक छाटायचे, कुठल्या पायाचं कितवं बोट यावरून घर कळायचं. छाटणं मला करवलं नसतं. चिंधी आठवड्यात चिखलानं भरते, कुठं तरी अडकते, सुटते.

मग मी जे केलं ते सांगताना आजही अंगावर काटा येतो. मालकांच्या हत्यारांच्या पेटीत वायरी बांधायचे केबल टाय होते, काळे आणि पांढरे. तीन महिन्यांच्या आठ तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांच्या पायात मी ते घातले, करंगळीचं टोक जाईल एवढी जागा ठेवून. मला वाटलं, झालं काम. पण तीन महिन्यांची तलंग म्हणजे वाढतं पोर. तिच्या पायाची नळी अजून जाड व्हायची असते, आणि केबल टाय एकदा ओढला की सैल होत नाही. कोंबडीच्या पायाला खवले असतात, वरून शेण-चिखलाचा थर बसतो, त्यामुळं आत काय चाललंय ते लांबून दिसत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक तलंग एक पाय उचलून उभी दिसली. धरून पाय धुतला तर टाय कातडीत रुतलेला, खालचा पंजा सुजून गरम. नखं कापायच्या कात्रीनं तो काढताना माझे हात थरथरत होते. मालकांनी तिला धरलं, मी एका बाजूनं कात्रीचं टोक सरकवत सरकवत कापला. पोव्हिडोन आयोडीननं जखम रोज धुतली, बारा दिवस वेगळ्या डालग्याखाली कोरड्या पिंजरावर, म्हणजे भाताच्या काडावर ठेवली. ती वाचली. पायावर गोल वण राहिला आणि त्या पायानं ती कायम थोडी लंगडत चालली. तिला आम्ही लंगडी म्हणत नाही, तिचा नंबर नऊ आहे, त्या नंबरानंच हाक मारतो. बाकी सात जणींचे टाय मी त्याच संध्याकाळी कापले. त्यातल्या दोघींचे घट्ट व्हायला लागलेच होते.

म्हणून कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगते. वाढत्या पक्ष्याला न उघडणारी कुठलीही वस्तू घालू नका, दोरा नको, वायर नको, टाय नको. आणि कडी घातली म्हणजे दर आठवड्याला पाय हातात घेऊन बघायचं बंधन आपण आपल्यावर घालून घेतलं, हे आधी मान्य करा.

आमच्या गल्लीत एका मुलाला कबुतरांचा नाद आहे. त्याच्याकडं गेले. त्याच्या कबुतरांच्या पायात अखंड कडी असते, जोड नसलेली. पिल्लू आठवड्याचं असताना पुढची तीन बोटं एकत्र धरून कडीतून ओवायची, मागचं बोट पायाला चिकटवून मागं दाबायचं, कडी वर सरकवायची, मग ते बोट हळूच सोडवून घ्यायचं. पुढं पंजा वाढला की कडी जन्मभर निघत नाही. त्यानं मला करून दाखवलं, फार नाजूक हाताचं काम आहे. पण कबूतर महिनाभरात पुरतं वाढतं. कोंबडीचा पाय चार-पाच महिने भरत राहतो, म्हणून घरगुती कळपाला उघडणारी कडी बरी, असं त्याचंच मत पडलं. त्यानंच मोबाइलवर ती शोधून दिली.

दोन प्रकार मागवले. एक स्प्रिंगसारखी वेढ्यांची प्लॅस्टिकची कडी, पाच रंगांत. ही चावीच्या रिंगसारखी उलगडत पायावर चढवायची, आणि पाय वाढला तर थोडी सैल होते. दुसरी चपटी, नंबर छापलेली, खटका असलेली. पोस्टाचा खर्च धरून एक कडी साधारण एका गावठी अंड्याच्या किमतीत पडली.

माप घेताना मी पहिल्यांदा चुकले. नळी गोल नसते, पुढून-मागून लांबट असते. नुसत्या डोळ्यांनी मोजून १४ मिलिमीटरच्या कड्या मागवणार होते. मग कागदाची पट्टी पायाभोवती गुंडाळून खूण केली, ती मोजपट्टीवर मोजली, आलेला आकडा ३.१४ नं भागला. थोरला आठवीत होता, त्याला परीघ आणि व्यास नुकताच शिकवलेला, त्यानं हे काम आनंदानं केलं. बहुतेक कोंबड्यांचा परीघ ४२ ते ४५ मिलिमीटर, म्हणजे व्यास १४ च्या आसपास निघाला. त्यावर थोडी मोकळीक हवी म्हणून १६ च्या घेतल्या, नरांसाठी २० च्या. कडी पायावर सहज गोल फिरली पाहिजे, वर-खाली सरकली पाहिजे, पण खाली पंजावरून निसटता कामा नये आणि वर गुडघ्यावर चढता कामा नये. नराच्या पायाला मागून काटा येतो. तो वाढला की कडी त्याच्यावर अडकून एका जागी घासत बसते, म्हणून नरांचे पाय मी जास्त वेळा बघते.

दिवाळीच्या आधी कड्या आल्या. तेव्हा आमच्याकडं ३६ माद्या आणि ३ नर होते.

दिवसा कोंबडी धरायला गेलं की अख्खं खुराडं उधळतं, एखादी भिंतीवर आपटते, अंडी देणारीचं दोन दिवसांचं अंडं बुडतं. रात्री त्यांना दिसत नाही, दांडीवर बसल्या की हाताला लागतात. आम्ही तिघं बसलो. आत्ती पाटावर, मी समोर, थोरला वही घेऊन. टॉर्चवर निळा जिलेटिन कागद लावला होता. आत्तींनी एकेकीला काखेत घेतलं, पंख मिटलेले, दोन्ही पाय बोटांच्या मध्ये. त्यांच्या हातात एकही कोंबडी ओरडली नाही. मी पाय ओल्या फडक्यानं पुसायचा, खवले बघायचे, कडी चढवायची. डाव्या पायात नंबर, उजव्या पायात रंग. रंग म्हणजे जन्माचं वर्ष. थोरला लिहायचा: नंबर, रंग, वजन, काही खूण. वजनाला घरातला ताणकाटा घेतला आणि कोंबडी पिशवीत घालून टांगली. हातात घेतलीच आहे तर छातीचं हाड किती टोचतंय, पिसांत उवा आहेत का, खवले उचललेत का, हेही बघून झालं. इतक्या वर्षांत एकेक कोंबडी अशी हातात घेऊन मी कधी बघितलीच नव्हती. पाच जणींच्या अंगावर उवा होत्या आणि मला पत्ता नव्हता.

दोन रात्री गेल्या. सकाळी सोडल्यावर सगळ्या जणी आपल्या पायाकडं आणि दुसरीच्या पायाकडं बघत होत्या, चोची मारत होत्या. दोन दिवसांत विसरल्या.

रंगांत एक फजिती झाली. ज्या वर्षीची पिलं जास्त होती त्यांना मी पिवळा रंग दिला. आमच्या तांबड्यांचे पाय पिवळे. चार पावलांवरून कडी आहे का नाही हेच कळेना. त्या सगळ्या काढून निळ्या घातल्या. लाल आणि गुलाबी एकाच खुराड्यात ठेवू नये, उन्हानं लाल विटून गुलाबीच होतो. आमच्याकडं आता निळा, पांढरा, हिरवा आणि काळा एवढेच चालतात. लांबून रंग दिसतो, नंबर हातात घेतल्याशिवाय वाचता येत नाही, आणि पावसाळ्यात चिखलानं दोन्ही झाकतात. हे असंच आहे, त्याला उपाय नाही. ओलं फडकं कमरेला खोचायचं.

खरं काम पुढं होतं. कोण किती अंडी देते? खुराड्यात दिवसाला चौदा अंडी मिळायची, पण छत्तीस जणींतल्या कुठल्या चौदा जणींची? अंड्यावर नाव नसतं. पिंजऱ्याचं खोकं करतात, कोंबडी आत गेली की झडप पडते, अंडं दिल्यावर आपण येऊन सोडायची. तसली दोन खोकी मालकांनी फळ्यांची करून दिली. पण तासातासाला जाऊन सोडायला माणूस लागतं, आणि शेतात भांगलण चालू असताना ते जमणारं नव्हतं. तेव्हा आत्ती म्हणाल्या, "खोकी कशाला? सकाळी सोडायच्या आधी मी चाचपून सांगतो की."

ही जुन्या बायकांची विद्या. कोंबडीचं अंडं तयार व्हायला चोवीस-पंचवीस तास लागतात, त्यातला बहुतेक वेळ कवच चढण्यात जातो. त्या दिवशी घालायचं अंडं पहाटे पोटात टणक झालेलं असतं. ओटीपोटाच्या दोन हाडांमध्ये बाहेरून बोटं ठेवली की ते लागतं. जोर द्यायचा नाही, आत बोट घालायचं नाही, हात धुतलेला पाहिजे. हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसली तर ती अंड्यावर आहे, एकच बोट बसलं तर अंडी बंद आहेत. मोतीबिंदूनं दिसत नसलेल्या आत्तींची बोटं एकदाही चुकली नाहीत.

मार्गशीर्षात एकवीस दिवस आम्ही हे केलं. पहाटे साडेपाचला त्या चाचपायच्या, मी नंबर वाचायचे, वहीत टिंब द्यायचे. एकवीस दिवसांत २९१ टिंबं झाली. त्यातली १३४ टिंबं नऊ कोंबड्यांची होती. वीस जणी आठवड्याला दोन-तीन अशा चालल्या होत्या. सात जणींच्या पुढं एकही टिंब नव्हतं.

मी लगेच म्हणाले, या सात जणी काढू. वर्षभर त्यांना मका, कणी, भुसा घालतोय. आत्तींनी सातीही आणायला लावल्या. एकेक हातात घेतली आणि दोन बाजूला ठेवल्या. "ह्या पिसं टाकायल्यात. बघ मानंला कोंब फुटल्यात. पिसं टाकताना कुठली कोंबडी अंडी देती? ह्या तुझ्या पुढच्या महिन्यात चांगल्या चालतील." आणखी एक रवणीतून नुकतीच उठलेली होती, तिच्या पोटाखालची पिसं गेलेली. उरल्या चार. त्या खरंच म्हाताऱ्या, नळीवरचे खवले जाड, हाडांत एक बोटही बसेना. त्या चार विकल्या. नुसत्या वहीवर गेले असते तर तीन चांगल्या जणी पुन्हा गेल्या असत्या. त्या दोघी पिसं टाकणाऱ्यांतली एक, बावीस नंबर, पुढच्या फाल्गुनात आमची सगळ्यात जास्त अंडी देणारी ठरली.

आत्तींनी मला आणखी एक खूण शिकवली आणि कडी बघायच्या निमित्तानं ती मला रोज दिसायला लागली. चांगली चालणाऱ्या कोंबडीचा पाय पांढरा पडत जातो. मक्यातला, हिरव्या पाल्यातला पिवळेपणा आधी अंगात साठतो आणि अंडी सुरू झाली की बलकात जायला लागतो. आधी मागची जागा फिकट होते, मग डोळ्याभोवतीची कड, मग चोच आणि सगळ्यात शेवटी पाय. कार्तिकात हळदीसारखे पाय असलेल्या त्या नऊ जणी चैत्रात पिठासारख्या पायांनी फिरत होत्या. ज्यांचे पाय पिवळेधमक आणि अंग गुबगुबीत, त्यांना मी आधी चांगली कोंबडी समजत होते.

सतरा नंबरचं एक सांगायला पाहिजे. तिच्यापुढं टिंबं भरपूर, पण टोपलीत अंडी कमी पडायची. दिवसाला एक-दोन अंड्यांचा हिशेब लागत नव्हता. मी मुंगसावर संशय घेतला, बोक्यावर घेतला. शेवटी एका सकाळी काम टाकून तिच्या पांढऱ्या कडीवर नजर ठेवून बसले. नऊच्या सुमारास ती एकटी निघाली, गोठ्यामागून वळसा घालून पिंजराच्या गंजीत शिरली. बाजूनं हात घातला तर आत अकरा अंडी, काही तिची, काही तिच्या मागून जायला शिकलेल्या दुसऱ्या कुणाची. पाण्यात टाकून बघितली, तीन तरंगली ती टाकून दिली. गंजीचं तोंड बुजवलं आणि खुराड्यात तशीच अंधारी, पिंजर घातलेली जागा करून दिली. तिला अंधार हवा होता, आमची खोकी उजेडात होती.

लसीचंही कड्यांमुळं सोपं झालं. मानमोडी म्हणजे राणीखेत आली की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं, आमच्या गल्लीनं ते बघितलेलं आहे. लसीची बाटली शंभर पक्ष्यांची येते, द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. एका घरात शंभर कोंबड्या कुणाच्याच नसतात. म्हणून पाच-सहा घरं मिळून आणतो. पिलांना आठवड्याच्या आत डोळ्यात थेंब, आठव्या आठवड्याला टोचणी. पूर्वी टोचताना एक दोनदा टोचली जायची, एक तशीच राहायची. आता टोचली की त्या पिलाच्या पायात बारीक पांढरी कडी, ८ किंवा १० मिलिमीटरची, आणि मोठी होईल तशी बदलायची. अगदी लहान पिलांना मी कडी घालत नाही. त्यांच्या नखाला नेलपॉलिश लावते. आठ-दहा दिवस टिकतं, गेलं की पुन्हा लावायचं. कुठल्या कोंबडीची पिलं आहेत एवढं त्यावरून कळतं.

२०२१ च्या जुलैत पूर आला. आमच्या गावाला पूर नवा नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि आमच्याकडं लहान पोरालाही हे आकडे पाठ असतात. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधला पूर अजून अंगावर होता, म्हणून या वेळी पाणी वेशीला लागायच्या आधीच जनावरं उंचावरच्या सोनतळीला हलवली. कोंबड्या सगळ्यात शेवटी. पाच घरांच्या कोंबड्या डालग्यांत, पोत्यांत, भाजीच्या क्रेटमध्ये घालून एकाच ट्रॉलीत चढवल्या, वर ताडपत्री. रात्रीची वेळ, धो धो पाऊस. कुणाची कुठली हे बघायला कुणाला सवड होती? तिकडं एका शेडमध्ये सगळ्या एकत्र सोडल्या. आठ दिवस त्या तिथं होत्या. त्यात एका रात्री मुंगूस शिरलं आणि काही मेल्या.

पाणी उतरल्यावर वाटणी करायला बसलो, तेव्हा शेडमध्ये सव्वाशेच्या आसपास कोंबड्या, त्यातल्या निम्म्या तरी तांबड्या. पाऊस-चिखलात घरं गमावलेली माणसं, प्रत्येकाचा जीव दमलेला. अशा वेळी एका कोंबडीवरून शब्दानं शब्द वाढतो आणि तो वर्षभर टिकतो. मी बादलीत पाणी घेतलं, एकेकीचा पाय धुतला आणि वहीतला नंबर वाचला. वही मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, घराच्या कागदपत्रांबरोबर नेली होती. आमच्या ३४ पैकी २९ मिळाल्या. एकीची कडी तुटून पडली होती, पण वहीत तिच्यापुढं लिहिलेलं होतं, डाव्या पायाचं मधलं नख नाही. ते शेजारच्या काकूंनीच तपासून बघितलं आणि कोंबडी माझ्या हातात दिली. बाकीच्या चार घरांची वाटणी मात्र अंदाजानंच झाली. काकू निघताना म्हणाल्या, "पुढच्या खेपंला माझ्याबी पायात घाल बाई ती कडी." म्हणजे त्यांच्या कोंबड्यांच्या. आम्ही दोघी त्या चिखलात हसलो, कितीतरी दिवसांनी.

न मिळालेल्या पाचांत बावीस नंबर होती. वहीत तिच्या ओळीपुढं मी तारीख लिहिली, आणि तिच्या अंड्यांची किती पिलं कुठं आहेत ते शोधलं. सात होती, त्यांतल्या चार तलंगा. त्यातली दोन काकूंकडं, मीच अंडी दिली होती. पुढच्या हंगामात त्या तलंगांची अंडी रवणीला ठेवली, आणि नर बाहेरून, आजऱ्याच्या पाहुण्यांकडून आणला. आपल्याच कळपातला भाऊ-बहिणीचा जोडा जमू नये म्हणून आता नरांनाही कड्या आहेत, आणि दोन वर्षांनी नर बदलायचा हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

नऊ नंबर पुरातून परत आली होती. तिच्या लंगडत्या पायात मी कडी घालत नाही, दुसऱ्या पायात घालते. ती मोठी अंडी देत नाही, पण दोन वेळा रवणीला बसली, दुसऱ्या खेपेला बारातली नऊ पिलं काढली. आत्तींनी तिला "माझी रवणीची" म्हणायला सुरुवात केली आहे.

गेल्या वर्षी आत्तींचा मोतीबिंदू काढला. आता त्यांना कडीवरचा आकडा दिसतो, तरी पहाटे त्या आधी चाचपतात, मग नंबर वाचतात. या वर्षीचा रंग हिरवा. काल रात्री बारा तलंगांचे पाय बघितले. तिघींची कडी फिरवताना अडकत होती, त्यांना १४ ची काढून १६ ची घातली. काकूंच्या कोंबड्या उद्या संध्याकाळी.